थांबवून ठेवलेली पाच पॅकेजं

शनिवार पेठ, पुणे
३ मार्च २०२५

आदरणीय यज्ञेश्वर सर,
सविनय नमस्कार.

"चालत होतं ना? मग हात कशाला लावलास?" असं आपल्या वाचक कांताबाईंनी आज मला विचारलं. म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही अमरावतीला मुलीकडे राहायला गेलात आणि अक्षरसोबत वाचनालयातल्या तुमच्या जागेवर मला घेतलं. माझं नाव सृष्टी गावंडे. गाव वाशीम जिल्ह्यात, वडिलांची पिठाची गिरणी आहे. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. इथे खडकीला मामांच्या क्वार्टरमध्ये राहते. तुमचा ईमेल कार्यवाह आप्पासाहेबांनी दिला. "विचारा त्यांना, पण उत्तर गोड येईल अशी अपेक्षा ठेवू नका," असंही सांगितलं.

झालं ते असं. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर तुम्ही बसवलेली लिनक्स सिस्टीम फार जुनी झाली होती. रोज सकाळी मशीन सुरू केलं की सॉफ्टवेअरची इतकी पॅकेजं जुनी आहेत, इतकी सुरक्षेसाठी तातडीने बदलायला हवीत, असा आकडा पडद्यावर यायचा. न केलेल्या गृहपाठासारखा तो मला टोचायचा. आपले वाचक बँकेची कामं, परीक्षांचे अर्ज, सगळं याच मशीनवर करतात. ज्यांना पडदा दिसतच नाही त्यांना कोणी फसवलं तर कळणारही नाही, हे माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी कार्यकारिणीपुढे विषय मांडला, मंजुरी घेतली आणि काल रविवारी बसून आठ मशीन अपग्रेड केली. संध्याकाळी सगळं व्यवस्थित झालेलं होतं. अक्षरं ठळक, पडदा स्वच्छ, आकडा शून्य. मी फार समाधानाने घरी गेले.

आज कांताबाई नेहमीच्या खुर्चीत बसल्या, हेडफोन लावला आणि थोड्याच वेळात काढून टेबलावर ठेवला. "बाई कुठे गेल्या?" म्हणाल्या.

मशीनमधल्या मराठी आवाजाला इथे सगळे "बाई" म्हणतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. त्या गेल्या आहेत. त्यांच्या जागी दुसराच कोणी बोलतो. मी काल प्रत्येक मशीन तपासलं होतं, पण डोळ्यांनी. स्पीकर बंद होते.

नव्या आवाजाचं रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे. ऐकून सांगाल का, मी काय करू?

आपली,
सृष्टी गावंडे


अमरावती
५ मार्च

चि. सृष्टी,
आशीर्वाद.

आप्पासाहेबांनी माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवलं आहे, तेव्हा प्रस्तावना वाचली.

अंधांच्या वाचनालयातली मशीन स्पीकर बंद ठेवून तपासणारी तू पहिलीच. स्वयंपाक कसा झाला हे ताटाकडे बघून सांगण्यासारखं आहे. असो. आठ मशीन एका दिवसात करायला मात्र चिकाटी लागते. ती तुझ्यात आहे असं दिसतं.

घाबरू नकोस. सिस्टीम सहसा काही फेकत नाही, बाजूला सारते. अपग्रेड चालू असताना तिने तुला मध्येच थांबून प्रश्न विचारले असतील. ते कोणते आणि तू काय उत्तरं दिलीस, जसंच्या तसं लिही. "व्यवस्थित झालं" हा अभिप्राय झाला, उत्तर नव्हे.

रेकॉर्डिंग पाठवू नकोस. काय असेल ते शब्दांत लिही.

इथे ऊन चढायला लागलं आहे. तुमच्या विदर्भातली माणसं म्हणे "हे तर काहीच नाही" म्हणतात. हा दिलासा असतो की धमकी, ते अजून कळलेलं नाही.

यज्ञेश्वर


पुणे
८ मार्च

आदरणीय सर,
नमस्कार.

प्रश्न दोन होते. पहिल्या पत्रात ते लिहिले नाहीत, कारण ते लिहितानाच मला शंका येऊ लागली होती.

अपग्रेडच्या सुरुवातीलाच दिसलं की पाच पॅकेजं "थांबवून ठेवलेली" आहेत. ती तशीच राहिली तर पुढे जाता येत नव्हतं. मला वाटलं, कधीतरी काही कारणाने तुम्ही थांबवली असतील आणि मोकळी करायची राहून गेली असतील. मी ती मोकळी केली. मग सिस्टीमने सांगितलं की ही पाच आता काढली जातील, चालेल का? नावांवरून काही बोध होत नव्हता. मी हो म्हटलं.

दुसरा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. अमुक फाइलमध्ये तुमच्याकडे बदल केलेले आहेत. तुमची जुनी ठेवायची, की पॅकेज बनवणाऱ्यांची नवी घ्यायची? मी प्रत्येक वेळी बनवणाऱ्यांची घेतली. नुसतं एंटर दाबलं असतं तरी जुनी राहिली असती, हे मला नंतर समजलं. मी मुद्दाम दुसरं बटण दाबत होते. सर, आमच्या घरी कागदावर कोणाची सही-शिक्का असेल तर त्यापुढे आपल्या हाताने लिहिलेलं कोणी धरत नाही. बाबा तहसीलमध्ये स्वतःची जन्मतारीखसुद्धा साहेब सांगतील ती मान्य करून आले होते. मला वाटायचं मी त्यातून बाहेर आले आहे.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं ते. नववं मशीन मी केलेलं नाही, आणि त्यात माझं कर्तृत्व काही नाही. जयसिंग चांदेरे रविवारीही येतो. तो तुम्हाला आठवत असेल, सूस गावचा, लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "तुमचं काय चाललंय ते चालू द्या, या मशीनला हात लावू नका," म्हणाला आणि हेडफोन लावून बसला. मला तो आडमुठा वाटला. आज पुण्यात बाई फक्त त्या एका मशीनमध्ये आहेत.

त्याची परीक्षा ७ एप्रिलला सुरू होते. गेल्या वर्षी लेखनिकाने शेवटचा प्रश्न अर्धाच लिहिला आणि ते त्याला निकाल लागल्यावर कळलं. या वर्षी त्याने कॉलेजच्या मागे लागून परवानगी मिळवली आहे: स्वतः मशीन नेऊन, आवाज ऐकत, स्वतःच्या हाताने पेपर लिहायचा. त्या कॉलेजात असं आजवर कोणी केलेलं नाही.

आणि कार्यकारिणीचा ठराव असा आहे की मुदत संपलेल्या सिस्टीमचं एकही मशीन ३१ मार्चनंतर वाचनालयाने वापरात ठेवू नये. कोथरूडच्या ज्या कंपनीने आपल्याला मशीन आणि इंटरनेट दिलं आहे तिची माणसं त्या दिवशी तपासायला येणार आहेत. ठरावाचा मसुदा मीच लिहिला होता. फार मन लावून लिहिला होता.

नव्या आवाजाचं आणखी एक रेकॉर्डिंग जोडते आहे, हे जरा स्पष्ट आहे.

आपली,
सृष्टी


अमरावती
१० मार्च

चि. सृष्टी,

रेकॉर्डिंग नको म्हटलं होतं. पुन्हा जोडलंस.

त्या पाच पॅकेजांत बाईंचा आवाज होता. ती थांबवून ठेवलेली होती, विसरलेली नव्हती. जत्रेत आपण म्हाताऱ्या माणसाला "इथेच थांबा, हलू नका" म्हणतो ना, तसं त्यांना मी सांगून ठेवलं होतं. पण ते कुणाला तरी सांगून ठेवायला हवं होतं, हे खरं. तुला कुठून कळणार.

आता क्रमाने. तू बनवणाऱ्यांची नवी फाइल घेतलीस तेव्हा जुनी पुसली गेली नाही. त्याच ठिकाणी, नावामागे "ओल्ड" लावून पडलेली असेल. शोध, नवीच्या जागी ठेव. बोलण्याचा वेग, बटणं, कलमांचे आकडे कसे म्हणायचे, हे त्यात आहे. वाचकांचे हात त्या बटणांना सरावले आहेत.

आवाजाचं तसं नाही. बाई एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रकल्पात तयार झाल्या. प्रकल्प गुंडाळला, वेबसाइट गेली, करणारी मुलं पांगली. त्यामुळे इंटरनेटवर शोधण्यात वेळ घालवू नकोस. माझ्याकडेही प्रत नाही. नवव्या मशीनवरून ती पाच पॅकेजं उचलून नव्या सिस्टीमवर बसतात का बघ. बसतील असं मला वाटत नाही. नाही बसली तर सरळ नवव्याची डिस्क जशीच्या तशी बाकी आठांवर उतरव. आप्पासाहेबांना विचार मात्र.

आणि नवा आवाज कसा आहे ते शब्दांत लिही. सविस्तर.

यज्ञेश्वर


पुणे
१९ मार्च

आदरणीय सर,
नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसंच झालं, चांगलं तेही आणि वाईट तेही.

जुन्या फाइली मिळाल्या. आठही मशीनवर ठेवल्या. बटणं परत आली, वेग परत आला. त्या दिवशी मी मामींसाठी वाटेत गजरा घेऊन गेले, इतकी खूश होते.

पाच पॅकेजं मात्र बसत नाहीत. त्यांना जी जुनी लायब्ररी लागते ती नव्या सिस्टीमने काढून टाकली आहे. ती आणून बसवली की नव्या सिस्टीमचा आवाजच बंद पडतो. एकाला जागा दिली की दुसरा उठून जातो. आठवडाभर मी हेच केलं. कॉलेजातल्या माझ्या सरांना विचारलं, ऑनलाइन चर्चागटात विचारलं. तिथे एकाने लिहिलं, इतकं जुनं काही वापरूच नये. हे वाक्य महिन्यापूर्वी मी कार्यकारिणीला सांगितलं होतं, जवळपास याच शब्दांत.

मग डिस्कची प्रत काढायची परवानगी मागायला आप्पासाहेबांकडे गेले.

"ठराव कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"मसुदा माझा होता."

"सूचक मी, एकमताने मंजूर. इतिवृत्तात नोंद आहे. आता पुढची सभा जुलैत."

"जयसिंगची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, साहेब."

"मग परीक्षेने ठरावाच्या आधी कळवायला हवं होतं," म्हणाले. मग पुढे म्हणाले, "हे बघा, कंपनीने कनेक्शन बंद केलं तर नऊच्या नऊ मशीन कपाटात जातील. मी एका मुलाचं बघू की पन्नास वाचकांचं? तुम्हीच सांगितलंत की जुनी सिस्टीम म्हणजे उघडं दार. मी सत्तरीचा माणूस, मला दार दिसलंही नसतं. तुम्ही दाखवलंत."

ते सगळं खरं आहे. दार उघडं आहे हे आजही खरंच आहे.

जयसिंगचा भाऊ विक्रम नवा लॅपटॉप घेऊन आला. "मॅडम, भारीतला हाय. याच्यात तेवढी बाई घाला." मी जुनी सिस्टीम त्यावर उतरवली. चालू झाली, पण मुकी. इतक्या नव्या मशीनचं साऊंड कार्ड तिला ओळखताच येत नाही. विक्रम जयसिंगला म्हणाला, "तुझी बाई बी तुझ्यासारखीच हाय, नव्या घरात करमत नाही तिला." बिल्डरने दिलेल्या नव्या फ्लॅटमध्ये जयसिंगला अजून दारं सापडत नाहीत म्हणे. जयसिंग हसला, पण त्याने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

तुम्ही विचारलंत, नवा आवाज कसा आहे. वास्तविक ऐकलं असतंत तर एका मिनिटात कळलं असतं, पण तुमची इच्छा. तो पुरुषाचा आहे. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. हळू लावला तर कळतो. पण आपले वाचक हळू ऐकत नाहीत. बाई ज्या वेगाने बोलतात तिथे मला फक्त तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं आणि जयसिंगला त्यातून कलम, पोटकलम, अपवाद, सगळं वेगळं कळतं. त्या वेगाला नवा आवाज लावला की शब्द एकमेकांत मिसळून दलदल होते. बाईंचं वाक्य संपताना किंचित खाली उतरतं, म्हणून पूर्णविराम न सांगता कळतो. हा कुठेच उतरत नाही. जयसिंगने तीन दिवस प्रयत्न केला. तीन तासांच्या पेपरला या आवाजाने पाच तास लागतील असं त्याचं म्हणणं आहे. "मग लेखनिकच बरा," म्हणाला. ते तो ज्या सुरात म्हणाला तो मला लिहिता येत नाही.

कांताबाई गेल्या सोमवारपासून आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, गुडघे दुखतात.

सर, एक विचारू? रेकॉर्डिंग ऐकायलाही नको वाटावं इतकं माझं काम वाईट वाटतं का तुम्हाला?

आपली,
सृष्टी


अमरावती
२३ मार्च

चि. सृष्टी,

तुझा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर द्यायला हवं.

मला ऐकू येत नाही. डावा कान गेल्या पावसाळ्यात गेला, उजवा दिवाळीनंतर. डोळे चाळिशीतच गेले होते, ते तुला कुणीतरी सांगितलं असेल. कानांचं पुण्यात कुणालाही सांगितलेलं नाही. मुलीचा आग्रह म्हणून अमरावतीला जातो असं सांगून निघालो. आप्पासाहेबांनी निरोपाला भाषण केलं. त्यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत आलं नाही. लोक थांबले असं वाटलं तेव्हा हात जोडले.

तुझी पत्रं मी बोटांनी वाचतो. कीबोर्डपुढे ब्रेलची पट्टी आहे, तिच्यावर एकेक ओळ उमटते. पट्टीवर रेकॉर्डिंग उमटत नाही. इतकंच कारण होतं. तुझं काम वाईट नाही.

बाईंचा आवाज मोहरी तडतडल्यासारखा, हे बरोबर आहे. वाक्य संपताना खाली उतरतो, हेही बरोबर. मी इतकी वर्षं तो आवाज ऐकला आणि मला हे असं सांगता आलं नसतं. ती ओळ मी मुलीला मोठ्याने वाचायला लावली. मला ऐकू येणार नव्हतं, पण ती वाचत असताना मी तिच्या मनगटावर हात ठेवून होतो.

आता कामाचं. मला काही सुचत नाही. प्रामाणिकपणे लिहितो. तांत्रिक उपाय होते ते संपले. ठराव मोड असं मी सांगू शकत नाही. मी तिथला कुणी नाही, आणि नोकरी तुझी आहे, माझी नव्हे. आप्पासाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं खोडून काढता येईल असं एकही वाक्य मला सापडलं नाही आणि मी सकाळपासून शोधतो आहे. जयसिंगला सांग, मी त्याची आठवण काढली. याचा त्याला काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

कांताबाईंना मात्र जाऊन भेट. गुडघे दुखत नसावेत.

यज्ञेश्वर


खडकी
३० मार्च, पाडवा

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मी तुम्हाला तो प्रश्न विचारायला नको होता, असं म्हणणार होते. पण विचारला नसता तर तुम्ही कधीच सांगितलं नसतं, म्हणून म्हणत नाही.

कांताबाईंना भेटले. गुडघे ठीक आहेत. त्यांनी चहा केला, नातीच्या लग्नाचं सांगितलं, वाचनालयाचा विषय काढला नाही. निघताना म्हणाल्या, "रागावले नाही गं. आता पुन्हा नव्या माणसाची ओळख करून घ्यायचं वय राहिलं नाही." आठ मशीन तशीच आहेत. सुरक्षित आहेत, अद्ययावत आहेत, आणि समोर कुणी बसत नाही. त्यावर माझ्याकडे अजूनही इलाज नाही.

काल शनिवारी नवव्या मशीनचं अपग्रेड करायचं ठरलं होतं. आप्पासाहेब स्वतः येऊन बसले होते, सोमवारी कंपनीची माणसं येणार म्हणून. जयसिंग बाहेर पायरीवर होता. मी मशीनपुढे बसले. पासवर्ड टाकला. ती पाच नावं पुन्हा समोर आली, थांबवून ठेवलेली. मी या वेळी ती मोठ्याने वाचली. मग मशीन बंद केलं, मागच्या वायरी काढल्या, पडद्यावर माझी ओढणी गुंडाळली आणि आप्पासाहेबांना सांगितलं की हे मी जयसिंगच्या घरी नेते आहे, त्याचा शेवटचा पेपर होईपर्यंत.

"हे चोरीत बसतं," ते म्हणाले.

"हो."

"मी पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. मी पाहिलं आहे. सोमवारी लिहावं लागेल."

"लिहा. मीही लिहिलं आहे." मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. मशीन कोणी नेलं, कशासाठी, कधी परत येईल, आणि ठरावाचा मसुदा जिने लिहिला तिनेच तो मोडला आहे, इतकं त्यात होतं. त्यांनी चष्मा लावून वाचला. "शुद्धलेखन चांगलं आहे," म्हणाले आणि खिशातून पेन काढून खाली पोच लिहिली. दार उघडायला उठले नाहीत, अडवायलाही उठले नाहीत.

लक्ष्मी रोडला पाडव्याची गर्दी होती, रिक्षा कशीबशी मिळाली. जयसिंग सूसपर्यंत मशीन मांडीवर धरून बसला. मी विचारलं, जड होतंय का? "होतंय," म्हणाला, पण दिलं नाही. घरी विक्रमने सोफा सरकवून जागा केली. मी वीज जोडली, इंटरनेटची वायर जोडली नाही, आणि बाहेरून ते कधीच जोडलं जाऊ नये म्हणून नेटवर्कचं कार्ड काढून आणलं. उघडं दार बंद करायचं माझं काम तेवढं मी केलं. बाई बोलायला लागल्या. मला नेहमीप्रमाणे एक शब्द कळला नाही. जयसिंगने मान हलवली आणि म्हणाला, "आता तुम्ही निघा, मला वाचायचंय."

उद्या माझी नोकरी राहील असं मला वाटत नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. सकाळी त्यांचा फोन आला होता, गुढी उभारली का विचारत होते. गावात ते सगळ्यांना सांगतात की मुलगी पुण्यात कॉम्प्युटर सांभाळते. मी बरोबर केलं की चूक, हे मला कळत नाही, आणि तुमच्याकडूनही ते ठरवून घ्यायचं नाही, म्हणून आधी लिहिलं नाही. मशीन सूसला आहे. वाचनालयाची चावी मी काल निघतानाच आप्पासाहेबांच्या टेबलावर ठेवली.

तुमची,
सृष्टी